मुलाचं घर आधी विचारा



तुमचा गट काठमांडूला निघाला आहे. तिथली काही बालगृहं आणि वस्त्यांमधली समाजकेंद्रं पाहायची, त्यांच्या गरजा समजून घ्यायच्या आणि परत आल्यावर आपल्या संस्थेच्या विश्वस्तांपुढे अहवाल ठेवायचा, हे काम तुमच्यावर सोपवलं आहे. माझी त्या वाटेवर बरीच वर्षं ये-जा झाली. बालगृहांत मुलं सांभाळणाऱ्या दिदींनी, वडा (म्हणजे वॉर्ड) कार्यालयांतल्या कारकुनांनी आणि डोंगरातल्या गावांमधल्या आज्यांनी मला जे शिकवलं, ते आता तुमच्या स्वाधीन करते. निघण्यापूर्वी सगळ्यांनी मिळून एकदा वाचा, आणि तिथे रोज रात्री वही लिहायला बसाल तेव्हा पुन्हा चाळा.

सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधी सांगते. बालगृहात पाऊल टाकलं की आपल्या तोंडी पहिला प्रश्न येतो, ‘यांना काय हवंय?’ त्याच्याही आधी विचारा, ‘हे मूल स्वतःच्या घरी का नाही?’ याचं उत्तर मिळालं की खरी गरज कुठे आहे ते कळतं. पुष्कळदा ती बालगृहात नसतेच, डोंगरापलीकडच्या एखाद्या घरात असते.

हे समजून मगच निघा

नेपाळमधल्या बालगृहांत राहणाऱ्या दहातल्या आठांहून अधिक मुलांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक जण तरी, हयात आहेत. मग ही मुलं तिथे पोहोचली कशी? १९९६ ते २००६ अशी दहा वर्षं तिथे माओवाद्यांचा सशस्त्र संघर्ष चालला. हुम्लासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांत दलाल फिरायचे. मुलाला काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो, लढाईपासून लांब ठेवतो, असं सांगायचे, आई-बापांकडून पैसे घ्यायचे आणि मुलांना शहरात आणून सोडायचे. कोनर ग्रेनन हा अमेरिकन तरुण अशाच एका बालगृहात मदतीला गेला आणि पुढे त्या मुलांचे आई-बाप शोधत हुम्लाचे डोंगर पायी फिरला. ‘लिटल प्रिन्सेस’ हे त्याचं पुस्तक वेळ काढून वाचा.

लढाई संपली तरी ओघ थांबला नाही. देशातली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाचच जिल्ह्यांत आहेत. नकाशा उघडून पाहा. पर्यटक उतरतात, पोखऱ्याचा तलाव पाहतात, चितवनचे गेंडे पाहतात, ते हेच जिल्हे. सर्वांत गरीब जिल्हे पश्चिमेला कर्णालीकडे आहेत, आणि तिथे बालगृहं तुरळक आहेत. पाहुणा येतो, कळवळतो, पैसे देतो; पैसे आले की खाटा वाढतात; खाटा भरायला गावाकडून मुलं आणली जातात. कंबोडियातही असंच झालं. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथल्या बालगृहांची संख्या जवळजवळ पाऊणपटीने वाढली, आणि २०११च्या पाहणीत दिसलं की चारातल्या तीन मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. आपल्याकडे वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला बालगृहात जेवण देण्याची पद्धत आहे, आणि त्यामागची भावना खरी असते. पण परदेशात दान करायला निघालेल्याला आपल्या पैशाने तिथे काय घडतं, ते माहीत असायलाच हवं.

२५ एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने हा धोका ओळखला. सुमारे नऊ हजार माणसं दगावली होती, गावंच्या गावं उघड्यावर आली होती. त्या गोंधळात मुलं पळवली जाऊ नयेत म्हणून पालकांविना मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध आले आणि नव्या बालगृहांची नोंदणी थांबवण्यात आली. पुढे २०१८मध्ये नवा बालबालिका कायदा झाला. मूल उघड्यावर पडलं तर आधी नातेवाईक, मग सांभाळायला तयार असलेलं कुटुंब, आणि सगळ्यांत शेवटी बालगृह, असा क्रम त्या कायद्याने लावून दिला आहे. तुमची पाहणी याच क्रमाने चालू दे.

सगळी बालगृहं वाईट असं मात्र मनात धरून जाऊ नका. पुष्पा बस्नेत यांनी २००५मध्ये सुरू केलेलं काम आई-वडिलांबरोबर तुरुंगात वाढणाऱ्या मुलांसाठी आहे. तुरुंगाबाहेर सांभाळणारं कुणी नसलं तर ते मूल जाणार कुठे? अनुराधा कोइराला यांची १९९३मध्ये स्थापन झालेली माइती नेपाळ तर आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. १९९६मध्ये मुंबईच्या कुंटणखान्यांवर धाडी पडल्या आणि कितीतरी नेपाळी मुली सुटल्या. त्यांना परत घ्यायला त्यांचं सरकार कचरत होतं. तेव्हा माइतीसारख्या संस्था पुढे झाल्या आणि त्यांनी शंभरावर मुली मायदेशी नेल्या. अशा जागांची गरज आहे आणि राहील. चांगली संस्था ओळखायची खूण सोपी आहे. ती मुलाचं घराशी नातं टिकवते आणि त्याची नोंद ठेवते.

निघण्यापूर्वीची तयारी

भारतीयांना नेपाळला जायला व्हिसा लागत नाही, म्हणून तिथे काम करायलाही परवानगी लागत नाही, असा अनेकांचा समज असतो. तो काढून टाका. परदेशी संस्थेला तिथे काम करायचं तर समाज कल्याण परिषदेची मंजुरी आणि नोंदणी असलेली स्थानिक संस्था, या वाटेनेच जावं लागतं. शिवाय २०१७पासून बराचसा कारभार देशभरच्या ७५३ पालिकांकडे गेला आहे. ज्या बालगृहात जाणार, ते ज्या पालिकेत येतं, तिथल्या बालकल्याण अधिकाऱ्याची वेळ आधी घ्या. संचालकांचं म्हणणं ऐकण्यापूर्वी अधिकाऱ्याचं म्हणणं ऐकलेलं असलं की प्रश्न नेमके सुचतात.

आपल्या बाजूचा कायदाही पाहा. भारतातल्या धर्मादाय संस्थेने देशाबाहेर केलेल्या खर्चाला आयकराची सूट आपोआप मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. तिथे कुणाला शब्द देण्याआधी आपल्या सीएंना विचारा. दिलेला शब्द नंतर मोडला तर बालगृहातली माणसं तोंडघशी पडतात.

जाण्याचे दिवस नीट निवडा. पावसाळ्यात दरडींमुळे डोंगरातले रस्ते बंद पडतात, ते महिने टाळा. दशैं म्हणजे त्यांचा दसरा. तो पंधरा दिवसांचा सण असतो. त्या काळात कचेऱ्या बंद असतात, पण दशैं संपून आठवडा झाला की जरूर जा. दशैंला थोरांच्या हातून टीका लावून घ्यायची आणि जमरा म्हणजे जवाचे कोंब कानावर खोवायचे, ही तिथली घरोघरची रीत. ‘यंदा टीका घ्यायला कोणकोणती मुलं कुणाकडे गेली?’ असं दिदींना सहज विचारा. कुणाचे आजोबा धादिंगला, कुणाचे काका हेटौंडाला, असं ऐकायला मिळेल. कागदावर ज्याला कुणीच नाही, त्यालाही टीका लावणारं माणूस निघतं.

गटात एक जण हिशेब कळणारा हवा, एक नर्स किंवा डॉक्टर हवी, आणि तिथली, बालगृहाशी काहीही संबंध नसलेली एक दुभाषी बाई हवी. काठमांडूत हिंदी सर्रास चालते आणि मुंबई-पुण्यात राखणदारी करून परतलेला माणूस तुमच्याशी गप्पाही मारेल. तरी मूल मनातलं हिंदीत बोलत नाही. सिंधुपाल्चोककडच्या अनेक मुलांची घरची भाषा तर तामाङ असते, नेपाळीसुद्धा नव्हे.

पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र जवळ ठेवा, आधार कार्डावर भागवू नका.

कागद स्वतः वाचा

बाहेरच्या पाहुण्यांना न मिळणारी एक सोय आपल्याला आहे. नेपाळी कागद देवनागरीत असतात, आकडेही देवनागरी. इंग्रजी माहितीपत्रक पुढे केलं तर ते घ्या, आभार माना आणि मूळ फायली मागा.

तारखा विक्रम संवतातल्या असतात. वैशाख ते पौषाच्या मध्यापर्यंत ५७ वजा करा, त्यानंतर चैत्र संपेपर्यंत ५६. त्यांचे महिने सौर आहेत, आपल्या पंचांगाशी जुळवू नका. त्यांचा १ वैशाख एप्रिलच्या मध्यावर येतो. हिशेबाचं वर्ष जुलैच्या मध्यावर, श्रावणात सुरू होतं आणि आषाढअखेर संपतं. म्हणजे २०८१/८२चा लेखापरीक्षण अहवाल जुलै २०२४ ते जुलै २०२५चा. हे माहीत नसलं की जुना अहवाल नवा म्हणून हातात पडतो. पैशाचंही असंच. आपले १०० रुपये म्हणजे त्यांचे १६०. वहीत प्रत्येक आकड्यापुढे ‘ने.रु.’ की ‘भा.रु.’ ते लिहाच, नाहीतर अंदाजपत्रक दीडपटीने चुकतं.

प्रत्येक मुलाच्या फायलीत चार गोष्टी शोधा: जन्मदर्ता म्हणजे जन्माचा दाखला, ज्या पत्रावर मूल दाखल झालं ते वडा कार्यालयाचं पत्र, घरच्यांशी झालेल्या भेटींची किंवा फोनची नोंद, आणि मूल पुढे कुठे जाणार याची योजना. पहिल्या दोन बहुधा सापडतात. तिसरी क्वचित मिळते. चौथी जिथे मिळेल, तिथे थांबून बोला.

एका बालगृहात मी फायली चाळत होते. पहिल्या पत्रात लिहिलेलं, बाप कड्यावरून पडून वारला, आई दुसरं लग्न करून गेली. दुसऱ्या पत्रातही तेच, तिसऱ्यातही तेच. अक्षर एकाच हाताचं, शाई एकच, आणि शिक्का उजवीकडे कललेला, तोही प्रत्येक पत्रावर तेवढाच. मुलं मात्र तीन वेगवेगळ्या गावांची होती. असं दिसलं तर तिथे वाद घालू नका. फायलीचा क्रमांक, वडा क्रमांक आणि तारीख टिपून घ्या आणि पालिकेतल्या अधिकाऱ्याला दाखवा. कुणा मुलाला तातडीचा धोका वाटला, तर १०९८ला फोन करा. मुलांच्या मदतीसाठी आपल्याकडे आणि नेपाळमध्येही हाच क्रमांक आहे.

खोट्या कागदाची किंमत मूल मोठेपणी मोजतं. नेपाळमध्ये सोळाव्या वर्षी नागरिकतेचा दाखला काढतात आणि त्यासाठी आई-वडिलांचे कागद लागतात. ज्याचे आई-बाप कागदावर मारले गेले, तो मुलगा त्या वयात हेलपाटे घालत बसतो. दाखला नाही तर सरकारी नोकरी नाही, पासपोर्ट नाही. म्हणून गरजांच्या यादीत ‘कागद दुरुस्त करून घेणं’ हे काम गाद्या-ब्लँकेटांच्या वर लिहा. त्याला लागतो वकील किंवा जाणता कार्यकर्ता, वडा कार्यालयाच्या खेपांचं प्रवासभाडं आणि भरपूर चिकाटी.

घर फिरताना काय पाहायचं

दिवाणखान्यातून लवकर बाहेर पडा आणि स्वयंपाकघरात जा. काल काय शिजलं ते विचारा, मग कोठीची वही पाहा. दाल-भात-तरकारी दोन वेळा शिजते, पण वहीत डाळ किती उतरते आणि ताटात किती दिसते, ते जेवणाच्या वेळी हजर राहूनच कळतं. अंडी, दूध, हिरवी भाजी आठवड्यातून किती वेळा, ते स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारा, संचालकांना नको. गॅस संपला तर काय करता, हेही विचारा. २०१५-१६मध्ये भारताच्या सीमेवर झालेल्या नाकेबंदीत सिलिंडर मिळेनासे झाले होते आणि काठमांडू खोऱ्यातल्या घराघरांत चुली पेटल्या होत्या.

पाणी आणि संडास मोजा. संकटकाळातल्या मदतकार्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या स्फीअर मानकांत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि २० जणांमागे एक संडास असा हिशेब आहे. हा आपत्तीतला तळ झाला, कायमच्या घराला त्याहून बरंच अधिक हवं. काठमांडू खोऱ्यात पाण्याची चणचण जुनी आहे. टँकर कितीला, आठवड्यात किती, टाकी झाकलेली आहे का, ते पाहा. मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का आणि रात्री तिथे दिवा असतो का, हे पाहणं गटातल्या बायकांकडे सोपवा.

झोपायच्या खोलीत वर-खाली पाहा. भिंतींना तडे आहेत का, जड कपाटं भिंतीला पक्की केली आहेत का, जिन्याच्या तोंडाशी सामान रचलंय का, खिडक्यांना कायमचे गज आहेत का, रात्री बाहेरचं दार कुलूपबंद असतं का आणि किल्ली कुणाकडे असते. २०१५चा भूकंप शनिवारी, दुपारी बाराच्या सुमाराला झाला. शनिवार ही तिथली साप्ताहिक सुट्टी. शाळा बंद होत्या म्हणून असंख्य मुलं वाचली. बालगृहाला सुट्टी नसते, मुलं तिथे रात्रंदिवस असतात. भिंत पक्की करण्याचा खर्च गालिचाच्या खर्चाआधी.

तिथल्या माणसांशी बसून बोला. एका दिदीकडे किती मुलं, तिची रात्रपाळी, तिची सुट्टी, तिचा पगार वेळेवर होतो का, आणि गेल्या वर्षभरात किती दिदी सोडून गेल्या? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. रुमानियात २०००पासून १३६ तान्ह्या-लहान मुलांचा अभ्यास झाला. निम्मी मुलं संस्थेतून काढून पालनकर्त्या कुटुंबांत दिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, माया लावणं, सगळं सुधारलं, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं सर्वांत जास्त. लहान मुलाला रोज तोच चेहरा, तीच कूस लागते. म्हणून दोन-तीन वर्षांखालची मुलं दिसली तर ती नोंद अहवालाच्या पहिल्या पानावर घ्या आणि त्यांच्यासाठी कुटुंब शोधण्याचं काम कोण करतंय ते विचारा.

पाच वर्षांखालच्या मुलांचा दंडघेर मोजायची पट्टी नर्सजवळ असू द्या. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेलं मूल तीव्र कुपोषित असतं, त्याला दवाखान्यात पोचवायला अहवालाची वाट पाहू नका. मोजमाप एकेकाचं, आडोशाला, दिदीच्या मांडीवर बसवून घ्या.

मुलांसमोर कसं वागायचं

तुम्ही जाल तेव्हा मुलं रांगेत उभी राहून गाणं म्हणतील, नाच करून दाखवतील. पाहुण्यांसाठी हे बसवून घेतलेलं असतं. आधीच निरोप पाठवा की कार्यक्रम नको, मुलांची शाळा बुडवू नका, आम्ही शाळा सुटल्यावर येतो. एखादं मूल अनोळखी माणसाला धावत येऊन बिलगतं, हातच सोडत नाही. आपल्याला भरून येतं. पण सारखी माणसं बदलत राहिली की मूल भेटेल त्याला चिकटायला शिकतं. त्याला झिडकारू नका, जवळ बसवा, आणि ‘पुन्हा येईन’ असं म्हणू नका.

‘तुझे आई-बाबा कुठे आहेत?’ हा प्रश्न मुलाला कधीच विचारू नका. त्याला काय सांगायचं ते शिकवलेलं असू शकतं, आणि खरं सांगितलं तर तुम्ही गेल्यावर त्यालाच ओरडा बसू शकतो. शाळा, खेळ, आवडतं जेवण, मित्र यांवर बोला. घराचं त्याने आपणहून काढलं तर ऐका आणि रात्री दुभाषी बाईच्या मदतीने टिपून ठेवा.

तुमच्यापैकी कुणीही, बाई असो की बाप्या, एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही. मुलाला फिरवायला बाहेर न्यायचं नाही. हा नियम तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही, त्या घराला सवय लागावी म्हणून आहे. गोव्यात मडगावला फ्रेडी पीट्स हा माणूस मुलांचं आश्रयघर चालवायचा. भला माणूस म्हणून लोक त्याला मान द्यायचे, आणि बाहेरदेशचे पाहुणे येऊन मुलांवर अत्याचार करायचे. १९९१मध्ये तो पकडला गेला, १९९६मध्ये त्याला जन्मठेप झाली. मोकळ्या दारांचा फायदा कोण घेतो ते या एका प्रकरणातून शिका. तुम्ही कोण, कशासाठी आलात, ओळखपत्र दाखवा, वहीत सही करा, असं ज्या बालगृहात तुम्हाला बजावतात, त्या बालगृहाचे आभार माना. तुमची काहीच चौकशी न करता मुलांच्या खोल्यांपर्यंत नेतात, तिथे अहवालात लाल खूण करा.

फोटो इमारतीचे, टाकीचे, तड्यांचे, कागदांचे काढा. मुलांच्या चेहऱ्यांचे काढू नका. विश्वस्तांना चेहरे पाहायचे असले, तरी नकोच. खाऊ-खेळणी स्वतःच्या हाताने वाटू नका. काही दिलंच, तर दिदींकडे द्या, त्या शनिवारी सगळ्यांना सारखं वाटतील.

समाजकेंद्र हीच पहिली राखण

आपले लोक बालगृहावर दोन दिवस घालवतात आणि वस्तीतल्या समाजकेंद्राला अर्धा तास देतात. तुम्ही उलट करा. मूल घरातून बाहेर पडू नये याची सोय तिथेच होते.

मुलं घराबाहेर का पाठवली जातात याची कारणं फार मोठी नसतात. बाप आखाती देशात किंवा मलेशियात, आई दिवसभर कामावर, लहानाला ठेवायचं कुठे? भक्तपूरच्या बाजूला वीटभट्ट्या हिवाळ्यात पेटतात आणि पावसाआधी विझतात. लांबच्या जिल्ह्यांतली कुटुंबं तेवढे महिने तिथे येऊन राहतात, आणि मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. अशा ठिकाणी पाळणाघर असलं, भट्टीच्या हंगामापुरता शिकवणीवर्ग असला, तर आईला मूल कुणाच्या हवाली करावं लागत नाही.

केंद्रात गेल्यावर विचारा: दार किती वाजता उघडतं, किती वाजता बंद होतं, आणि आया कामावरून किती वाजता परततात? केंद्र बंद होण्याची वेळ आणि आया परतण्याची वेळ, यांमधलं अंतर म्हणजे गरज. किल्ली कुणाकडे असते? आमा समूहाकडे, म्हणजे वस्तीतल्या आयांच्या गटाकडे, असली तर केंद्र चालतं. नवीन टीव्ही, संगणक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले दिसले तर ते कुणी मागितले होते ते विचारा. आमा समूहाची बैठक चालू असताना मागे बसा. महिला स्वास्थ्य स्वयंसेविका १९८८पासून गावोगाव काम करतात. कुठल्या घरात मूल घराबाहेर पाठवण्याचं घाटतंय, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. त्यांच्याबरोबर एक सकाळ चाला.

निदान काही मुलांच्या गावी जा

हे काम कष्टाचं आहे, म्हणूनच सगळे टाळतात. पालिकेच्या अधिकाऱ्याच्या आणि बालगृहाच्या संमतीने, नोंद सापडलेल्या दोन-तीन मुलांच्या घरी जा. मुलाला बरोबर नेऊ नका, आणि घरच्यांना ‘मूल परत आणतो’ असं कबूल करू नका. नुसतं बसा, चहा घ्या, विचारा.

सिंधुपाल्चोकमध्ये एका मुलाच्या आजीकडे मी अशीच गेले होते. भूकंपानंतर उभारलेलं पत्र्याचं घर, दाराशी वाळत टांगलेली मक्याची कणसं. मुलाची आई वारलेली, बाप मलेशियात. आजीने ट्रंकेतून नातवाचं पहिलीचं प्रगतिपुस्तक काढलं आणि हातात दिलं, पण देताना ते उलटं धरलेलं होतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. चूल दिसत नाही, पोराला भाजेल म्हणून तिनेच त्याला पाठवून दिलं होतं. काठमांडूत डॉ. सन्दुक रुइत यांनी उभं केलेलं तिलगंगा नेत्ररुग्णालय आहे. ज्या साध्या, स्वस्त पद्धतीने तिथे मोतीबिंदू काढतात, ती जगभर पोचली आहे. आजीचे दोन्ही डोळे झाले. शाळेचं वर्ष वैशाखात सुरू झालं तेव्हा नातू घरी होता, आणि गावच्या शाळेत त्याचं नाव घातलेलं होतं.

त्या बालगृहाने आम्हाला दिलेल्या यादीत दहा खाटा आणि एक संगणक होता. आजीचे डोळे त्या यादीत कसे असतील? ते तिच्या दारात गेल्यावरच कळतं.

महाराष्ट्रातही बालसंगोपन योजनेतून मुलाला घरीच सांभाळण्यासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. त्यामागचा विचार हाच आहे की अडचण पैशाची असली तर पैसा घरी पोचवावा, मूल संस्थेत पोचवू नये.

अहवाल आणि पैसा

अहवालात गरजा तीन भागांत लिहा. पहिल्या भागात जिवाला धोका असलेल्या गोष्टी: तडा गेलेली भिंत, घाण पाणी, कुपोषित मूल, अत्याचाराची शंका. यांवर तिथे असतानाच हालचाल करायची. दुसऱ्या भागात मूल घरी परतायला किंवा घरीच राहायला जे लागेल ते: प्रवासभाडं, शाळेचा खर्च, घरच्यांचा औषधोपचार, कागदांची दुरुस्ती, गावी जाऊन पाहणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार, पाळणाघर. तिसऱ्या भागात, ज्यांना खरंच घर नाही त्यांच्या रोजच्या जगण्यासाठी लागणारं: दिदींचे पगार, जेवण, अभ्यास, आणि अठरा पूर्ण झाल्यावर पायावर उभं राहण्यासाठी आधार. नवी इमारत, जादा खाटा या मागण्या शेवटी स्वतंत्र लिहा आणि शिफारस करू नका.

मदत मुलांच्या संख्येवर बांधू नका. ‘दर मुलामागे इतके’ असं ठरलं की मूल घरी गेल्यावर संस्थेचं उत्पन्न घटतं, मग त्याला घरी पाठवणार कोण? किती मुलं सुखरूप घरी पोचली आणि वर्षानंतरही तिथेच आहेत, यावर पुढची मदत ठरवा. मूल एकदम गावी सोडून देणंही घातक असतं. आधी फोन, मग भेटी, मग सुट्टीपुरतं राहणं, मग कायमचं जाणं, आणि त्यानंतर निदान वर्षभर कार्यकर्त्याच्या फेऱ्या. या फेऱ्यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, तो नेहमी विसरला जातो.

वस्तू इथून वाहून नेऊ नका. दप्तरं, स्वेटर, पातेली काठमांडूच्या असनच्या बाजारात मिळतात, तिथल्या दुकानदाराचाही धंदा होतो. पैसे रोख देऊ नका, संस्थेच्या खात्यातच भरा.

शेवटचं आणि महत्त्वाचं. जिथे जिथे गेलात, तिथल्या प्रत्येकाला परत आल्यावर उत्तर पाठवा. मदत मंजूर झाली तर किती, कशासाठी आणि कधी ते लिहा. नाही झाली तर तेही कारणासकट लिहा. आपल्यासारखे गट येतात, वह्या भरून नेतात आणि पुन्हा कळवत नाहीत, ही तिथल्या माणसांची फार जुनी तक्रार आहे. उत्तराची तारीख तिथून निघतानाच सांगा, आणि त्या तारखेआधी पत्र पोचेल असं पाहा.